आफ्रिकन पोरींचे केस, आपलं बोअरचं पाणी आणि जवसाचं जेल

पहिलं म्हणजे हातातली ती बारीक दातांची फणी खाली ठेवा. मी ठेवली नव्हती. आमच्या वरच्या खोलीत केनियाची एक पोरगी भाड्यानं राहायला आली, विद्यापीठात शिकायला, आणि पहिल्याच रविवारी ती जिन्यात बसून केसांशी झटापट करायली होती तर मी आपली मोठ्या मायेनं गेले, वाटीत कोमट खोबरेल, हातात फणी, म्हणलं ये लेकरा बस खाली, दोन पोरी वाढवल्यात मी. दहा मिनिटांत फणीचे तीन दात तुटून तिच्या केसात अडकले, ती बिचारी डोळे मिटून गप, आणि माझ्या हातात तिच्या केसांचे तुकडे. मुळासकट गळलेले नाही, मधूनच तुटलेले. गळणं वेगळं आणि तुटणं वेगळं हे मला पन्नाशीत कळलं बगा.

त्यानंतर अजून तिघी राहून गेल्या आमच्याकडं, एक सुदानची, एक इथिओपियाची, एक परत केनियाचीच. त्यांच्याकडून जे शिकले ते लिहून ठेवतेय, कारण छत्रपती संभाजीनगर काय नांदेड काय, जिथं अशा पोरी शिकायला येतात तिथल्या घरमालकिणी, रूममेट, पार्लरवाल्या सगळ्या माझीच चूक करतात. त्यांच्यासाठी परदेश म्हणजे आपणच की. इथलं पाणी, ऊन आणि दुकानं त्यांना नवीन असतात, आपल्याला माहितीची.

आधी केस समजून घ्या. जुन्या लँडलाईन फोनची वायर आठवते का, वेटोळ्या वेटोळ्यांची? तसा एकेक केस. आपल्या सरळ केसांवरून टाळूचं तेल घसरत टोकापर्यंत जातं, म्हणून आपले केस दोन दिवसांत चिपचिपे होतात. या केसात प्रत्येक वळणावर ते तेल अडतं, टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून टाळू ठीक असली तरी टोकं कायम कोरडी. आणि जिथं वळण तिथं केस नाजूक, ओढला की तिथंच तुटणार. दिसायला लई दाट आणि दणकट दिसतात पण हाताळायला रेशमाच्या धाग्यासारखे. दुसरी गंमत म्हणजे आक्रसणं. आमच्या पोरीचा केस ओढून धरला तर खांद्याच्या खाली, सोडला की कानापाशी. आमच्या शेजारीण बाई म्हणायच्या हिचे केसं वाढतच नाहीत का गं. वाढतात हो, फक्त दिसत नाहीत, आणि टोकाकडून तुटत राहिले तर वाढलेलं कळत नाही. सगळ्यांचे सारखे पण नसतात, सुदानवालीचे केस बरेच मोकळ्या कुरळ्यांचे होते, तिला जे चालायचं ते केनियावालीला अजिबात चालायचं नाही. म्हणून आधी तिलाच विचारा तुझ्या घरी काय करतात. इथिओपियाची पोरगी म्हणली तिकडं केसांना लोणी लावायची जुनी पद्धत आहे, आमच्या सासूबाईंना एवढा आनंद झाला, म्हणल्या बघ, शहाणी माणसं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याला वाटतं केस कोरडे म्हणजे तेल कमी. चूक. या केसांना तहान असते पाण्याची, तेल फक्त आत गेलेलं पाणी उडू नये म्हणून वरून झाकण. कोरड्या केसावर वाटीभर तेल थापलं तर वरून चकचकीत आणि आतून कोरडे ठणठणीत, जसं वाळलेल्या भाकरीला तूप लावलं तरी ती मऊ होत नाही. तर क्रम असा, आधी पाणी किंवा पाण्यासारखं पातळ लीव्ह-इन (लावून न धुता तसंच ठेवायचं कंडिशनर), मग थोडं तेल, मग घट्ट क्रीम. रोजचं काम एवढंच की स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर हलवून ठेवायचं, सकाळी केसांवर फुसफुस मारायचं, टोकांना दोन थेंब तेल चोळायचं, झालं.

पण पाणी कुठलं? इथंच मराठवाडा आडवा येतो. बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर खडूसारखी पुटं, तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर पण बसतं. साबण-शाम्पूला फेस येत नाही, म्हणून आपण अजून शाम्पू ओततो, केस अजून खरखरीत. सरळ केसावर हे खपून जातं. वेटोळ्यात मात्र तो थर अडकून राहतो आणि मग कितीही क्रीम लावा आत काही जात नाही. पोरगी आली तेव्हा तिला वाटलं आपलं सामानच खराब निघालं, दोन महिने ती क्रीम बदलत बसली, दोष पाण्याचा होता. आमच्या संभाजीनगर शहरात जायकवाडीचं पाणी येतं ते त्यातल्या त्यात बरं, पण ते कधी येणार हे आपल्या हातात नाही, मधल्या दिवसात बोअर नाहीतर टँकर. लातूरला तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, अशा मुलखात वीस मिनिटं शॉवरखाली उभं रहा असं सांगणारे व्हिडिओ काय कामाचे.

आम्ही काढलेला मार्ग सांगते. शाम्पू बोअरच्या पाण्यानं करा, चालतंय, पण शेवटचं खंगाळणं पिण्याच्या जारच्या पाण्यानं. वीस लिटरच्या जारमधलं तीन-चार लिटर पुरतं, तांब्यानं हळूहळू ओतायचं. त्यातल्या एक लिटरमध्ये दोन चमचे सफरचंदाचं व्हिनेगर घातलं तर खरखर जाते, डोळ्यात जाऊ देऊ नका आणि टाळूला जखम असली तर नकोच. महिन्यातून एकदा जड पाण्याचा थर काढणारा शाम्पू, चिलेटिंग म्हणतात त्याला, किंवा पोहणाऱ्यांसाठी मिळतो तो. ऑनलाइन मागवा, दर आठवड्याला वापरू नका कारण तो कोरडं पण करतो. बाकी धुणं आठ-दहा दिवसांतून एकदाच. रोज डोक्यावरून पाणी घेणारी आपली माणसं नाकं मुरडतात, पण या केसांना तेच बरोबर आहे, रोज धुतले तर आहे तेवढं तेल पण जातं. आमच्या नळाला पाणी जसं येतं तसंच यांचं वेळापत्रक, आमची पोरगी म्हणायची काकू तुमची महानगरपालिका आणि माझे केस एकाच कॅलेंडरवर चालतात.

धुण्याचा दिवस म्हणजे खरंच दिवस, रविवारी सकाळी सुरू केलं की जेवायची वेळ होते. घाई असेल तर त्या दिवशी धुवूच नका. ओले करायच्या आधी बोटांनी मोठा गुंता सोडवायचा, डोक्याचे चार भाग करून प्रत्येकाला क्लचर. मग एकेक भाग सोडून टाळूवर शाम्पू, फक्त टाळूवर, बोटांच्या पेरांनी, नखं नाही. टोकांना खाली वाहणारा फेस पुरतो. मग कंडिशनर, आणि इथं कंजूषपणा करायचा नाही, आपण वाटाण्याएवढं घेतो तिथं यांना अर्धी वाटी लागते, पाऊच घेऊन बसू नका, मोठी बाटली आणा. कंडिशनर लावून केस शेवाळासारखे बुळबुळीत झाले की मगच मोठ्या दातांचा कंगवा, आणि सुरुवात टोकाकडून. टोकाचं बोटभर सुटलं की त्याच्या वर बोटभर, असं मुळाकडं जायचं. वरून खाली ओढत आणलं की सगळ्या गाठी टोकाला जमा होतात आणि कचकन तुटतं, मी त्या दिवशी हेच केलं होतं. एका हातानं गाठीच्या वरचा केस धरून ठेवला तर टाळू ओढली जात नाही. कोरड्या केसातून कंगवा कधीच नाही. खंगाळल्यावर खरबरीत टर्किश टॉवेलनं चोळायचं नाही, जुना मऊ पंचा किंवा झिजलेल्या सुती लुगड्याचा तुकडा घेऊन नुसतं दाबून पाणी टिपायचं. ओले असतानाच क्रीम वगैरे लावून दोन-दोन बटांचा पीळ घालून ठेवला की वाळताना गुंता होत नाही.

तेलाचं. खोबरेल केसाच्या आत शिरतं, म्हणून धुवायच्या आधी तासभर लावायला ते बरं, धुताना केस कमी फुगतात. रोजच्याला करडईचं हलकं तेल छान, आपल्याकडं घाण्यावरचं मिळतंय. एरंडेल लई चिकट, एक भाग एरंडेल तीन भाग करडई असं करून फक्त टोकांना. रात्रभर डोकं तेलात बुडवून ठेवायची आपली हौस इथं नको. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापल्यानं तो वाढतो, आपल्यालाही वाढतो, आपण ऐकत नाही तो भाग वेगळा. शिया बटर, म्हणजे तिकडच्या एका झाडाच्या बियांचं लोणी, त्या घरून आणतात, आपल्याकडच्या एप्रिलात त्याचं डब्यातच तेल होतं आणि परत घट्ट झालं की रवाळ, खराब झालं म्हणून फेकू नका, फ्रिजमध्ये ठेवा.

रिठा नको, फार कोरडं करतो. शिकेकाईची पूड वेटोळ्यात अडकून बसते, दोन दिवस डोक्यातून वाळू पडल्यासारखी पडते. मेथीचं पण तेच. मेंदीनं काही जणींची वेटोळी सैल पडतात, ती हवीत की नकोत हे तिनं ठरवायचं, आणि ती काळी मेंदी म्हणून पुडीत मिळते तिच्यात पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यानं टाळू भाजल्यासारखी होऊ शकते, तिच्या वाटेला जाऊच नका.

आता जवस. हे सांगताना मला भारी वाटतं कारण आपण चटणीपुरतं ओळखतो ते जवस या पोरी जगभर केसांना लावतात. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर ढवळत ठेवा, सात-आठ मिनिटांत आधी फेस येतो मग अंड्याच्या पांढऱ्यासारख्या तारा सुटायला लागतात, चमचा उचलला की तार लोंबली पाहिजे. लगेच गॅस बंद आणि गरम असतानाच गाळा. मी पहिल्यांदा म्हणलं थंड होऊ द्यावं, मग ते असं थिजलं की गाळणीतून थेंब जाईना, शेवटी जुन्या ओढणीत घालून मी आणि पोरगी दोन टोकं धरून पिळत बसलो, अर्धं भिंतीवर. गाळून थंड झालं की बरणीत घालून फ्रिजमध्ये, आठ-दहा दिवस टिकतं, वास बदलला की फेका. ओल्या केसांवर क्रीमनंतर चोळायचं, वाळलं की वेटोळी जागेवर राहतात, वरून कडक लागलं तर हातानं चुरगाळायचं. माझ्या धाकटीचे केस कुरळे, इतकी वर्षं आम्ही ते तेल लावून चापून बसवायचो, आता ती पण हेच लावते.

उन्हाळ्याचं एक लक्षात ठेवा, ग्लिसरीन. बाटलीवर घटकांची यादी असते, त्यात ग्लिसरीन वरच्या चार-पाचात असेल तर ते क्रीम मे महिन्यात ठेवून द्या. दमट हवेत ग्लिसरीन हवेतलं पाणी केसाकडं ओढतं, पण आपल्याकडं ४२ डिग्री आणि हवा कोरडी फुफाट्याची, तेव्हा ते केसातलंच पाणी बाहेर ओढतं. मुंबईच्या मैत्रिणीला चाललं म्हणून इथं चालेल असं नाही. पावसाळ्यात परत काढा. बाहेर जाताना आपल्या पोरी स्कूटीवर सुती स्कार्फ गुंडाळतात, तो सुती कपडा केसातली ओल शोषतो, म्हणून आत सॅटिनचा तुकडा आणि वरून स्कार्फ. हेल्मेटला पण आतून तोच.

रात्रीची टोपी तर हवीच. सुती उशीवर घासून रात्रभरात टोकं तुटतात. मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन पाऊण मीटर सॅटिन मागा, ब्लाऊजच्या अस्तराच्या बाजूला असतंय, त्याचा जेवढा मोठा निघेल तेवढा गोल कापा, कडेनं दुमड घालून इलॅस्टिक ओवा, डोक्याच्या मापापेक्षा दोन बोटं कमी. घट्ट नको, कपाळावर वळ उठता कामा नये. आमच्या टेलरनं विचारलं ताई हे कशाचं कव्हर, मिक्सरचं का. सासूबाई म्हणल्या रेशीम पाहिजे तर माझी पैठणी फाडू का. उशीला पण एक अभ्रा शिवून घ्या, टोपी झोपेत निघतेच.

वेण्या. हे आपण करून देऊ शकत नाही, नाद करू नका, पण समजून घ्या. बारीक बारीक वेण्या घातल्या की रोज केसांना हात लावायची गरज नाही, म्हणून परीक्षेच्या आधी घालतात. पाच ते आठ तास लागतात, एकमेकींना घालतात, किंवा पुण्या-मुंबईला करून देणारीचा पत्ता मैत्रिणींकडून मिळवतात. तर त्या दिवशी वरच्या खोलीत चार पोरी जमल्या आणि रात्री अकरापर्यंत बडबड चालली म्हणून भांडायला जाऊ नका, चहा पाठवा. लक्ष ठेवायचं ते घट्टपणावर. मुळाशी पुटकुळ्या, डोकं ठणकतंय, गोळी घ्यावी लागतेय, तर ती वेणी सोडवायची, सहन करायची नाही. रोज ओढ बसून कपाळाकडचे केस मागं हटतात आणि फार वर्षं झाली तर परत येत नाहीत. आपल्या शाळेच्या लाल रिबिनीच्या करकचून वेण्यांनी कितीजणींचं कपाळ मोठं झालंय ते आरशात बघा.

वेणीत मिसळायचे केस प्लास्टिकच्या धाग्याचे असतात, खाज येत असेल तर घालायच्या आधी व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून, खंगाळून, वाळवून घ्यायचे. शेवटी टोकं उकळत्या पाण्यात बुडवतात म्हणजे सुटत नाहीत, तिथं खांद्यावर जाड टॉवेल आणि पातेलं दुसरीनं धरायचं, स्वतःच्या स्वतः नाही. वेण्या असताना टाळू धुवायला सॉसची नळीवाली बाटली घ्या, पातळ केलेला शाम्पू भांगाभांगात सोडा, धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा, आतून ओलं राहिलं की कुबट वास मारतो. सहा ते आठ आठवडे, त्याच्या वर ठेवायच्या नाहीत.

पार्लरवाल्या ताईंनो, हे तुमच्यासाठी. अशी पोरगी खुर्चीत बसली की पहिला प्रश्न, केसांना घरी रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करायचं रसायनाचं क्रीम, लावलाय का. तिकडच्या बऱ्याच रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडसारखा दाहक पदार्थ असतो आणि आपल्या रिबॉन्डिंगमध्ये थायो नावाचं रसायन, दोन्ही एका केसावर पडले की केस विरघळल्यासारखे तुटतात. दुसऱ्या केनियावालीचं हेच झालं, एका पार्लरात न विचारता स्मूदनिंग सुरू केलं, धुताना मागच्या बटा बेसिनमध्येच राहिल्या, आणि वर दाट केस म्हणून दुप्पट पैसे घेतले. आधी मागच्या बाजूची एक बट करून बघायला काय जातंय. केराटिनच्या काही प्रकारांतून गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड निघतो, डोळे झोंबतात ते त्यानंच, खिडकी बंद एसीच्या खोलीत तुमच्याही छातीत जातो. आणि तिनं सरळ करायला सांगितलं नसेल तर सुचवू नका. नुसतं धुऊन, कंडिशनर लावून, टोकं नीट कापून दिलं तरी ती दर महिन्याला येईल.

हात लावायचं पण सांगते. शहागंजात भाजी घेताना, बसमध्ये, कुणीही मागून केस चाचपून बघतं, खरे आहेत का गं, मॅगी आहे का. आमच्या पोरीनं मराठीतलं पहिलं पूर्ण वाक्य शिकलं ते "मावशी, हात नका लावू". मला ऐकून लाज वाटली, कारण मी पण विचारलं नव्हतं. आणि ज्या शहरात आपण तिच्याकडं वळून वळून बघतो ते शहर खडकी नावानं १६१० च्या सुमारास वसवलं मलिक अंबरनं, तो इथिओपियाकडचा हबशी, आणि इथं नहरीतून पाणी आणणारा पण तोच. इथिओपियावालीला मी खुलताबादला त्याच्या कबरीवर घेऊन गेले होते, ती बराच वेळ बोललीच नाही.

टाळूवर गोल चट्टे पडून केस जात असतील, पू येत असेल तर घरचे उपाय बंद, घाटीत, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, त्वचारोगाच्या ओपीडीत दाखवा. टाळूच्या गजकर्णाला मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या लागतात.

राहिलं वेण्या सोडवणं. दोन दिवस धरा. सोडवताना इतके केस हातात येतात की पोरगी रडायलाच आली पहिल्यांदा, पण हिशोब करा, माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, सहा आठवडे ते वेणीतच अडकून बसले, म्हणजे दोन ते चार हजार एकदम हातात, घाबरायचं कारण नाही. मुळाशी मळाची बारीक गाठ असते ती ओली करायच्या आधी तेल-कंडिशनर लावून बोटांनी मोकळी करायची, तशीच धुतली तर नमद्यासारखी घट्ट बसते. आमच्याकडं तो सगळा ढीग पिशवीत भरून ठेवला होता आणि नेमकी गल्लीत केसांवर भांडी देणारी आली. पोरीला एवढी गंमत वाटली की पळत खाली गेली पिशवी घेऊन. बाईनं चिमटीत धरून एकदा पीळ दिला, म्हणली, "हे पलाष्टिकाय माय," आणि बाजूला टाकलं. मग खऱ्या केसांचा गोळा उचलला, ओढून बघितला, सोडला, तो टुणकन आक्रसला. परत ओढला, परत सोडला. चार-पाच वेळा केलं तिनं ते. मग म्हणली, आखूडंय, पर घेते, आणि एक चहाची गाळणी दिली. धुऊन झाल्यावर आठवडाभर तरी डोकं मोकळं ठेवायचं, लगेच परत वेण्या घालायच्या नाहीत.